चौदा जणांची समज

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा सरत आला की ॲल्डर फॉल्सच्या चीज कारखान्यात जोलीनच्या टेबलावर चिठ्ठ्या पडायला लागत. कुणाची पेट्रोलच्या पावतीमागे लिहिलेली, कुणाची सिगारेटच्या पाकिटाच्या तुकड्यावर. ऑरीची तर दरवर्षी बारमधल्या कागदी रुमालावर असे, बिअरच्या ग्लासाच्या ओल्या गोलासकट. प्रत्येक चिठ्ठीवर दोनच गोष्टी असत, कामगार क्रमांक आणि पासवर्ड. कुणी खाली 'थँक्स, जो' लिही. बाकीचे तेवढेही कष्ट घेत नसत.

कारखान्याचं मुख्य कार्यालय न्यू जर्सीत होतं, आणि तिथल्या कुणीतरी, ज्याने जन्मात बंदूक धरली नसावी, ठरवून टाकलं होतं की वार्षिक ऑनलाइन ट्रेनिंग सगळ्यांनी थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या सोमवारपर्यंत पूर्ण करायचं. इकडे विस्कॉन्सिनमध्ये त्या सोमवारच्या आधीचा शनिवार म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी गावात लग्न ठेवत नाहीत. कुणी मेलं तर दफन पुढे ढकलतात. पुरुष तर सोडाच, निम्म्या बायकाही पहाटेपासून नारिंगी जाकिटं घालून झाडावरच्या मचाणात बसलेल्या असतात. आणि त्याच्या आधीचा आठवडा बंदुका पुसण्यात, मचाणं ठोकण्यात आणि मागच्या वर्षी कुणाचं हरीण कसं निसटलं यावरून एकमेकांना डिवचण्यात जातो. अशा आठवड्यात 'कामाच्या जागी सुरक्षितता आणि आपण' हे कोण वाचणार?

जोलीन शिकारीला जात नसे. ती पॅकिंग विभागात कारकून होती, बावीस वर्षं. शनिवारी सकाळी ओस पडलेल्या ऑफिसात ती एकटी यायची, कॉफी करायची, कॉम्प्युटर चालू करायची आणि चिठ्ठ्या एका रांगेत लावायची. ट्रेनिंगची बेचाळीस पानं होती. स्वच्छ टोप्या घातलेले हसरे लोक, बाणांच्या खुणा, जाड अक्षरातले नियम. पान दहा सेकंद थांबल्याशिवाय पुढे सरकत नसे, म्हणून ती मांडीवर विणकाम घेऊन बसे. एका हाताने टाका, एका हाताने बटण. शेवटी दहा प्रश्न असत, आणि प्रश्नांच्या खाली एक चौकोन: 'वरील सर्व नियम मी वाचले असून ते मला पूर्णपणे समजले आहेत.' त्या चौकोनात खूण केली की संपलं. प्रश्न वर्षानुवर्षं तेच असल्यामुळे उत्तरांची अक्षरं तिने एका कार्डावर उतरवून ठेवली होती.

या खेपेला दोन पानं वाढली होती आणि एक प्रश्न नवा होता. पहिल्या माणसाच्या वेळी तो तिचा चुकला. पुन्हा दिला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा 'क' बरोबर निघाला. तिने कार्डावर 'क' लिहून घेतला आणि पुढच्या तेरा जणांना तो पहिल्याच फटक्यात बरोबर आला.

सोमवारी सुपरवायझर लायल ग्रुबर खुशीत तिच्या टेबलाशी आला.

"शंभर टक्के! न्यू जर्सीवाल्यांचा मेल आलाय. सलग सहावं वर्ष. सगळ्या कंपनीत आपला एकटा कारखाना."

"आणि पिझ्झा?"

"पिझ्झा शुक्रवारी. तू नसतीस ना जोलीन, तर मी भिकेला लागलो असतो."

"मला यातलं काही माहीत नाही हं, लायल," ती मिश्कीलपणे म्हणाली.

"मलाही नाही," लायल म्हणाला, आणि दोघं हसली. दर वर्षी तो तिला एकच वाक्य ऐकवायचा: मला शंभर टक्के पाहिजेत, कसे केलेस ते मला सांगू नकोस. हे वाक्य किती विचारपूर्वक तयार केलेलं होतं, हे कळायला तिला पुढचा मार्च उजाडावा लागला.

या सगळ्याची सुरुवात मात्र लायलमुळे झाली नव्हती. ती झाली व्हर्जिल पॅन्कोमुळे. पूर्वी ट्रेनिंग म्हणजे कँटीनमध्ये डोनट आणि कॉफी, आणि कुणीतरी उभं राहून नियम मोठ्याने वाचून दाखवणार. व्हर्जिल पहिल्या बाकावर बसून सगळं ऐकायचा आणि नंतर अवघड प्रश्न विचारून वाचणाऱ्याला घाम फोडायचा. अकरा वर्षांपूर्वी ते बंद झालं आणि प्रत्येकाला कॉम्प्युटरपुढे बसवलं. जोलीनने पाहिलं, व्हर्जिल पाऊण तास पहिल्याच पानापुढे बसला होता. मान ताठ, हात मांडीवर.

"काय रे, व्हर्ज, अडलंय का?"

"चष्मा घरी राहिला."

व्हर्जिलला चष्मा नव्हता. जोलीनने त्याच्या कानाकडे पाहिलं, तो लालबुंद झाला होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, यंत्राच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगणारा, आणि त्याला वाचता येत नव्हतं. "सरक तिकडे," ती म्हणाली. एवढंच. त्यानंतर ना त्याने कधी तो विषय काढला, ना तिने. तिने ही गोष्ट नवऱ्याला, मिल्टलाही सांगितली नाही. पण दोन वर्षांनी ऑरीच्या लक्षात आलं, की व्हर्जिलचं ट्रेनिंग जोलीन करते. त्यामागचं कारण त्याला कळलं नाही, सोय तेवढी कळली. "त्याचं करतेस आणि माझं नाही? मी काय सावत्र आहे का?" म्हणत तोही आला. मग त्याच्या मागून बाकीचे. डिसेंबरात हरणाच्या मांसाचे सॉसेज तिच्या फ्रीजमध्ये मावत नसत.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता, व्हर्जिलचा उजवा हात चीज किसायच्या नव्या मशीनमध्ये गेला. आत गुठळी अडकली होती. त्याने बटण बंद केलं, मशीनचा आवाज थांबला, त्याने झाकण उचललं आणि हात घातला. जुनं मशीन बटण दाबलं की जागच्या जागी थांबायचं. नव्याचं पातं आवाज न करता आत फिरतच राहायचं. तीन बोटं गेली.

जोलीनने त्याला नेताना पाहिलं. हाताला टॉवेल गुंडाळलेला, चेहरा पिठासारखा, आणि तरी तो ऑरीला सांगत होता, "बेल्टवरचं सगळं चीज फेकून द्या. पुढे जाऊ देऊ नका." तिला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी लायल तिच्या टेबलाच्या कडेवर टेकला. आवाज खाली आणून म्हणाला, "राज्य सरकारचा इन्स्पेक्टर येणार. ट्रेनिंगच्या नोंदी मागतील."

जोलीनने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "मग?"

"मग काय? नोंदी आहेत. शंभर टक्के आहेत. तू कशाला पांढरी पडतेस?"

"लायल, मिल्टचं आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस चालू आहे. ते माझ्या इथल्या विम्यावर आहे. माझी नोकरी गेली तर..."

"ए, वेडी आहेस का? तुझी नोकरी कशाला जाईल? मी आहे ना. जे काही होईल ते आपण सगळे मिळून बघू. इथे कुणी कुणाला एकटं सोडत नाही." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. लायलच्या आईच्या दफनाला चाळीस माणसांचं जेवण जोलीनने रांधलं होतं. त्याच्या मुलाचं बारशाचं जाकीट तिने विणलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

इन्स्पेक्टर बाई होती. ग्रेटा सोरम, पन्नाशीची, बर्फातले बूट घालून आलेली, फाइल काखेत. तिने लायलला, न्यू जर्सीहून विमानाने आलेल्या एचआरच्या पॅट्रिसला आणि नोंदी ठेवणारी म्हणून जोलीनला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. पॅट्रिसने सुरुवातच ठणकावून केली.

"श्रीयुत पॅन्को यांचं प्रशिक्षण पूर्ण झालेलं आहे. दहापैकी दहा. त्यांनी नियम समजल्याची खूणही केलेली आहे. नियम समजून उमजून मोडला, याला कंपनी काय करणार? आमच्या मते ही सरळसरळ कामावरून काढण्याची बाब आहे."

ग्रेटाने नवं पान मोठ्याने वाचून दाखवलं. "'किसणी मशीन, नवीन. बटण बंद केल्यानंतर पातं चाळीस सेकंदांपर्यंत फिरत राहते. हिरवा दिवा विझेपर्यंत झाकण उघडू नये.' हे तुमच्या लोकांना मशीनपाशी उभं करून कुणी सांगितलं होतं का, ग्रुबर?"

"ते ऑनलाइनमध्ये होतं," लायल म्हणाला. "प्रत्येकाने पाहिलेलं आहे. वेगळं सांगायची गरज नव्हती."

चाळीस सेकंद. जोलीनने हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. ते पान तिच्या डोळ्यांसमोरून चौदा वेळा गेलं होतं.

ग्रेटा नोंदींची यादी वर-खाली पाहत होती. मग तिचं बोट थांबलं. तिने कॅलेंडर उघडलं, पुन्हा यादी पाहिली, आणि तिला हसूच फुटलं.

"काय झालं?" पॅट्रिसने विचारलं.

"हे चौदा जण. सगळ्यांनी ट्रेनिंग एकाच दिवशी केलंय. शनिवारी. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून अकरा पन्नासपर्यंत."

"हो. मग? लोकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन केलं. उलट कौतुकच आहे."

"बाई, तुम्ही न्यू जर्सीच्या. तो शिकारीचा पहिला शनिवार होता. माझ्या सख्ख्या नवऱ्याला त्या सकाळी घराला आग लागली म्हणून फोन केला तरी तो उचलायचा नाही. आणि हे चौदा बाप्ये बंदुका खाली ठेवून, एकामागोमाग एक, अकरा-अकरा मिनिटांच्या अंतराने, एकाच कॉम्प्युटरवर सुरक्षिततेचे नियम वाचत बसले? ॲल्डर फॉल्समध्ये?" तिने हसू आवरलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "कॉम्प्युटर कुणाचा आहे?"

जोलीनने लायलकडे पाहिलं. आता हा बोलेल, असं तिला वाटलं. आपण सगळे मिळून बघू म्हणाला होता. लायलने फाइलवरची कसलीशी धूळ झटकली.

"माझा," जोलीन म्हणाली.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. दर वर्षीच करते. सगळ्यांना माहीत आहे. लायललाही माहीत आहे."

लायलने सावकाश मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर एवढं साळसूद आश्चर्य होतं, की क्षणभर तिलाच वाटलं, याला खरंच ठाऊक नसावं.

"जोलीन," तो दुखावल्यासारखा म्हणाला, "हे मी काय ऐकतोय? माझ्या नाकाखाली? सहा वर्षं?"

"लायल!"

"मी कधी तुला सांगितलं होतं, की दुसऱ्याच्या नावाने परीक्षा दे म्हणून? एकदा तरी? आठवून सांग."

तिने आठवलं. आणि तिच्या लक्षात आलं, की त्याने ते खरोखरच कधी सांगितलं नव्हतं. शंभर टक्के पाहिजेत, कसे ते सांगू नकोस. गेली सहा वर्षं ती ज्याला चेष्टा समजून हसत होती, त्यात हा माणूस स्वतःसाठी पळवाट बांधत होता. त्याच्या आईच्या दफनाच्या दिवशी केलेले बटाटे आठवून तिला स्वतःच्या हातांची चीड आली.

चौकशी दोन आठवडे चालणार होती. तोवर तिने घरी बसायचं.

शुक्रवारी ती मिल्टला घेऊन नेहमीसारखी बारमध्ये मासे खायला गेली. न जाणं म्हणजे तोंड लपवणं झालं असतं. बार भरलेला होता, कारखान्यातली निम्मी माणसं तिथे होती. ती आत आली तशी एकेकाची पाठ वळली. कुणाला टीव्हीवरची मॅच एकाएकी फार महत्त्वाची वाटायला लागली, कुणाला आपलं जाकीट कुठे ठेवलं ते सापडेना. तळलेले मासे, बटाट्याचे पॅनकेक आणि कोबीचं सॅलड समोर आलं. मिल्ट म्हणाला, "आज इतकी शांतता का आहे गं?" त्याला तिने अर्धंच सांगितलं होतं.

मग वेट्रेस ब्रँडीचा ग्लास घेऊन आली. "ऑरीने पाठवलाय."

ऑरी कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता, तिच्याकडे पाहत नव्हता. जोलीन ग्लास घेऊन उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हे कशाबद्दल रे?"

"अगं, असंच."

"असंच म्हणजे? नऊ वर्षांत तू मला असंच पाणीसुद्धा पाजलं नाहीस."

ऑरीने काट्याने मासा इकडचा तिकडे केला. "जो, माझी दोन पोरं कॉलेजात आहेत."

"आणि माझा नवरा डायलिसिसच्या मशीनवर आहे. त्याचं काय?"

"लायलने एक कागद आणला होता. म्हणाला, यावर सह्या करा, तुम्हाला कुणालाही काही होणार नाही. आम्ही... सगळ्यांनीच केल्या गं. मी एकटा नाही केली तर माझंच दिसलं असतं."

"काय लिहिलंय त्यात?"

ऑरीने बिअरचा ग्लास तोंडाला लावला. जोलीनने ब्रँडीचा ग्लास त्याच्या ताटाशेजारी ठेवला, थेंब न सांडता, आणि मिल्टला म्हणाली, "चल. भूक मेली माझी."

कागदात काय लिहिलंय ते तिला पुढच्या गुरुवारी कळलं. पॅट्रिसने गठ्ठा समोर ठेवला. एकूण तेरा निवेदनं, आणि तेराही शब्द न् शब्द सारखी. 'माझा क्रमांक व पासवर्ड मी पगाराच्या नोंदीतील दुरुस्तीसाठी पॅकिंग विभागाच्या कारकुनास दिला होता. माझ्या नावाने परीक्षा दिली गेल्याचे मला माहीत नव्हते. हे समजल्यावर मला धक्का बसला.' खाली ऑरीची सही. खाली त्या माणसाची सही, ज्याच्या मुलीला ती रोज शाळेत सोडत होती. धक्का बसला म्हणे! ज्यांनी सहा-सहा, आठ-आठ वर्षं स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या आणून टाकल्या, वर 'लवकर कर गं, मला मचाण ठोकायचंय' म्हणून हुकूम सोडले, त्या सगळ्यांना आता धक्का बसला होता. आणि चिठ्ठ्या तर तिने दर वर्षी इमानदारीत फाडून टाकल्या होत्या, कुणाचा पासवर्ड कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "सगळं खोटं आहे. व्हर्जिलला विचारा. व्हर्जिल सांगेल. त्याला मी का करून देत होते ते त्याला माहीत आहे."

तिला खात्री होती. बाकीच्यांचं तिने त्यांच्या सोयीसाठी केलं होतं, व्हर्जिलचं जिव्हाळ्यापोटी. अकरा वर्षं तिने त्याची लाज झाकली. लायलने एकदा त्याला फॉर्म भरायला दिला तेव्हा व्हर्जिलच्या हातावर मुद्दाम कॉफी सांडून तिने तो स्वतःच भरून टाकला होता. तो माणूस आपल्याला तोंडघशी पाडणार नाही.

पॅट्रिसने गठ्ठ्याखालून चौदावा कागद काढला. हा टाइप केलेला होता, वकिलाच्या कार्यालयातून आलेला. 'मी माझा क्रमांक कोणालाही दिला नव्हता. मी कोणालाही माझ्या वतीने परीक्षा देण्यास सांगितले नव्हते. कारकुनाने माझ्या नकळत माझ्या नावाने खूण केली व त्यामुळे मी आवश्यक माहितीपासून वंचित राहिलो.' खाली डाव्या हाताने केलेली वेडीवाकडी सही.

तिने तो कागद दोनदा वाचला. मग पॅट्रिस काय काय बोलली, खोट्या नोंदी, तात्काळ प्रभावाने, विमा महिनाअखेरपर्यंत, ते तिच्या कानांवरून गेलं. पहारेकरी तिच्यासोबत टेबलापर्यंत आला. बावीस वर्षांचं सामान एका खोक्यात बसलं. लायल त्या दिवशी रजेवर होता.

खोकं गाडीच्या मागच्या सीटवर तसंच ठेवून ती तडक व्हर्जिलच्या घरी गेली. रस्त्याच्या कडेला बर्फ काळं पडलेलं. ती मोठमोठ्याने, एकटीच, त्याला काय काय सुनवायचं ते बोलत होती.

दार आर्डिसने उघडलं. व्हर्जिलची बायको, एरवी दार उघडताच मिठी मारणारी. आज ती बाजूला झाली फक्त. व्हर्जिल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, उजवा हात उशीवर ठेवलेला.

"मला काढलं," जोलीन उभ्या उभ्याच म्हणाली. "तुझ्या कागदावर काढलं. बाकीच्या तेरा जणांचं मी गिळलं असतं. पण तू? तू, व्हर्ज? 'कोणालाही सांगितले नव्हते'? देवाची शपथ घेऊन सांग, नव्हतं सांगितलं?"

"बस, जो."

"मी बसायला आले नाही. अकरा वर्षं मी तोंड उघडलं नाही. आजसुद्धा, त्या खोलीत, माझी नोकरी जात असताना, मी सांगितलं नाही तुला वाचता येत नाही म्हणून. एका वाक्यात सुटले असते. नाही बोलले. आणि तू माझा केसाने गळा कापलास."

"वकील म्हणाला, मी नंबर दिला असं कबूल केलं तर मग चूक माझी. भरपाई मिळणार नाही, घर जाईल म्हणाला." त्याने आर्डिसकडे पाहिलं नाही. "त्याने वाचून दाखवलं, मी सही केली. मला त्याची लाज वाटते, जो. ते खोटं आहे ते मला माहीत आहे. तू हवं ते बोल, मी ऐकतो."

तो असं सरळ कबूल करील असं तिला वाटलं नव्हतं. तिचा राग एकदम कुठे जावं ते न कळून तसाच अडकून राहिला. ती खुर्ची ओढून बसली. आर्डिसने कॉफी आणून ठेवली आणि बाहेरच्या खोलीत निघून गेली.

"लायलने असं करावं," ती म्हणाली. "ऑरीने करावं. मी कुणाचं काय वाईट केलं होतं रे? सगळ्यांच्या उपयोगी पडले. मिल्टला मी आज घरी जाऊन काय सांगू?"

व्हर्जिल डाव्या हाताने कपाचा कान धरायचा प्रयत्न करत होता, तो जमत नव्हता. मग त्याने कप सोडून दिला.

"एक विचारू?"

"विचार."

"वकिलाने ते पान वाचून दाखवलं. चाळीस सेकंदांचं. हिरव्या दिव्याचं." तो शब्द जपून टाकत होता. "पहिल्या वर्षी तू मला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं होतंस. शेजारी बसून. आठवतं? मग पुढच्या वर्षी म्हणालीस, तू कशाला बसतोस, जा तू, मी करते. मी म्हटलं ठीक आहे. मला वाटायचं, जो वाचते आहे. त्यात माझ्या कामाचं काही असलं तर ती येऊन सांगेल. दर वर्षी तू काही बोलली नाहीस की मी समजायचो, या वर्षी नवीन काही नाही."

जोलीनने कपाकडे पाहिलं.

"नवं मशीन आलं तेव्हा मी दोन दिवस घाबरून होतो," व्हर्जिल म्हणाला. "त्याच्यावर काय काय लिहिलेलं. मला ते विचारायची लाज वाटली. मग ट्रेनिंग झालं आणि तू काही बोलली नाहीस, तेव्हा म्हटलं, चला, जुन्यासारखंच आहे." त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, त्याला खरोखरच माहिती हवी होती. "तू वाचलं होतंस ना, जो? आणि सांगायचं राहून गेलं, असंच झालं ना?"

हो म्हणायला एक शब्द लागला असता. कामाच्या गडबडीत राहून गेलं म्हटलं असतं तर त्याने मान हलवली असती, आणि दोघांनाही थोडं बरं वाटलं असतं. तिच्या ओठांवर आलाही तो.

"नाही, व्हर्ज," ती म्हणाली. "नाही वाचलं."

बाहेरच्या खोलीत आर्डिस हलली. व्हर्जिलने हळूच उजवा हात उशीवरून उचलून मांडीवर घेतला.

"आधीच्या वर्षीही नाही?"

"नाही."

"मग वाचायचं कधीपासून बंद केलंस?"

जोलीनने आठवून पाहिलं. दुसऱ्या वर्षापासून की तिसऱ्या, ऑरी आला तेव्हापासून की त्याच्याही आधी, तिला सांगता येईना. व्हर्जिल तिच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत बसून राहिला.